रोल्स-रॉईस २०/२५: जुनी गाडी पारखण्यापासून सांभाळण्यापर्यंत

जुनी रोल्स-रॉईस पाहायला गेलेला माणूस सर्वप्रथम तिच्या रेडिएटरपुढे जाऊन उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा तो उभा, लखलखीत रेडिएटर आणि त्यावर पुढे झुकलेली, वस्त्रे वाऱ्यावर सोडलेली ती मूर्ती यांच्यापायीच कित्येकांनी या गाडीचा ध्यास घेतलेला असतो. परंतु गाडी खरोखर घ्यायची असेल, तर माझा आग्रह असा की रेडिएटर डोळे भरून पाहून घ्यावा, मग बोनेट उघडायला सांगावे आणि इंजिनामागच्या बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पडद्यावर, बसवलेली छोटी पाटी शोधावी. त्या पाटीवरची तीन अक्षरे आणि त्यापुढचा आकडा हा गाडीचा जन्मदाखला आहे. गाडीची किंमत किती, तिच्यात काय अस्सल आहे, काय नंतर घुसडलेले आहे आणि तिला हात लावताना कुठे थांबावे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या क्रमांकापासून सुरू होतात.

या लेखासाठी मी २०/२५ अश्वशक्तीचे मॉडेल घेतले आहे. १९२९ ते १९३६ या काळात त्याचे ३,८२७ चॅसिस तयार झाले आणि दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत कंपनीचे हेच मॉडेल सर्वांत जास्त खपले. कंपनीच्याच मोठ्या फँटम मॉडेलच्या मानाने ते आटोपशीर आहे, पेट्रोल बेताने पिते, त्याचे सुटे भाग ब्रिटनमधील खास कारागीर आजही तयार करतात आणि ते मालकाने स्वतः चालवण्याजोगे आहे. पहिली युद्धपूर्व रोल्स-रॉईस कोणती घ्यावी असे कुणी विचारले, तर मी याच मॉडेलचे नाव घेतो.

नावातल्या आकड्यांचा उलगडा आधी करतो, कारण त्यावरून पुष्कळ गैरसमज होतात. हे इंजिनाच्या प्रत्यक्ष ताकदीचे आकडे नाहीत. त्या काळी ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांच्या सूत्रावरून आकारला जाई. व्यासाचा इंचांतील वर्ग करायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे. या गाडीचा व्यास सव्वातीन इंच आणि सिलिंडर सहा, म्हणजे उत्तर २५.३५ येते. पिस्टनची धाव साडेचार इंच असल्यामुळे इंजिनाची क्षमता ३,६६९ घनसेंटिमीटर भरते. प्रत्यक्ष ताकदीचा आकडा जाहीर न करण्याचा कंपनीचा रिवाज होता.

घराण्याची ओळख

हा भाग कुणी वगळू नये, कारण गाडी तपासताना काय शोधायचे हे घराण्याच्या पद्धतीवरूनच कळते.

हेन्री रॉईस यांचा जन्म १८६३ मध्ये इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या आल्वॉल्टन गावी एका पीठगिरणीवाल्याच्या घरी झाला. वडील लवकर वारले. मुलाने वर्तमानपत्रे विकली, तारा पोहोचवल्या, रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि पैशांअभावी ती अर्ध्यावर सोडली. पुढे मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर त्यांनी डायनामो आणि विजेच्या क्रेन बनवण्याचा व्यवसाय उभा केला. मोटारींकडे ते वळले ते एका जुन्या, वापरलेल्या फ्रेंच देकोविल गाडीमुळे. तिच्या खोडी एकेक करून शोधताना आपण याहून चांगली गाडी करू शकतो अशी त्यांची खात्री झाली आणि १ एप्रिल १९०४ रोजी त्यांची पहिली, दोन सिलिंडरांची १० अश्वशक्तीची गाडी रस्त्यावर आली. या घराण्याची सुरुवातच मुळी एका सेकंडहँड गाडीच्या तपासणीतून झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

चार्ल्स रोल्स हे उमराव घराण्यातले तरुण लंडनमध्ये मोटारी विकत. दोघांना ओळखणाऱ्या हेन्री एडमंड्स यांच्या मध्यस्थीने ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांची भेट झाली आणि मार्च १९०६ मध्ये रोल्स-रॉईस लिमिटेडची रीतसर नोंदणी झाली. १९०७ मध्ये कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी ४०/५० मॉडेलच्या एका गाडीला चंदेरी रंग देऊन ‘सिल्व्हर घोस्ट’ असे नाव दिले आणि ती १४,३७१ मैल बिघाडामुळे एकदाही न थांबता चालवून दाखवली. १९०८ मध्ये कारखाना डर्बीला गेला. रोल्स यांना विमानांचे वेड होते. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून ते वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेले. रेडिएटरवरची मूर्ती चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवली.

आपल्या प्रांताशी या घराण्याचा संबंध फार जुना आहे. १९०८ मध्येच एक ४०/५० गाडी हिंदुस्थानात आणून मुंबई ते कोल्हापूर या मार्गावरच्या चाचणी शर्यतीत उतरवण्यात आली होती. घाटांच्या त्या रस्त्यावर तिने जी कामगिरी केली तिची संस्थानिकांमध्ये चर्चा झाली आणि ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ओळखली गेलेली ती गाडी ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. पुढच्या तीन दशकांत संस्थानिकांच्या मोटारखान्यांत रोल्स-रॉईस का भरत गेल्या, याचे एक कारण आपल्याच घाटांत सापडते.

१९११ पासून रॉईस आजारी असत आणि अखेरची वर्षे त्यांनी ससेक्समधील वेस्ट विटरिंग या समुद्रकाठच्या गावी काढली. मोजक्या ड्राफ्ट्समनच्या मदतीने ते तिथून रेखाटने पूर्ण करत आणि ती डर्बीला रवाना होत. १९२२ चे ‘ट्वेंटी’ मॉडेल आणि त्याची पुढची पिढी असलेले २०/२५ याच पद्धतीने आकाराला आले. १९३१ मध्ये कंपनीने बेंटली विकत घेतली आणि २२ एप्रिल १९३३ रोजी रॉईस यांचे निधन झाले, तेव्हा २०/२५ चे उत्पादन भरात होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या काळात कंपनी संपूर्ण मोटार विकत नसे. कारखान्यातून बाहेर पडे ते फक्त चालते चॅसिस, म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाके, रेडिएटर आणि बोनेट. त्यावर बॉडी बांधून घेण्यासाठी ग्राहक हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली, पार्क वॉर्ड, एच. जे. म्युलिनर अशा बॉडी-बिल्डरांकडे जाई. त्यामुळे एकाच आठवड्यात डर्बीहून निघालेल्या दोन २०/२५ गाड्यांत एक उंच लिमोझिन आणि दुसरी उघडी टूरर असू शकते. ‘या मॉडेलची गाडी अशी दिसते’ असे कुणी ठामपणे सांगू लागले, तर त्याने हा विषय नीट पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

पहिली पायरी: कागद

चॅसिस क्रमांक तीन अक्षरांच्या मालिकेने सुरू होतो. २०/२५ च्या पहिल्या मालिकेची अक्षरे जीएक्सओ होती आणि शेवटच्या मालिकेची जीटीके. बल्कहेडच्या पाटीवरील क्रमांक टिपून घ्यावा, मग टॉर्च घेऊन चॅसिसच्या पोलादी पट्टीवर ठोकलेला क्रमांक शोधावा आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे. इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो आणि तो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, मिळतो. पाटी काय, चार स्क्रू काढले की या गाडीची त्या गाडीला लागते. म्हणून ठोकलेला क्रमांक दिसेपर्यंत समाधान मानू नये. ऐंशी-नव्वद वर्षांची तेलकट पुटे त्यावर बसलेली असतात. ती रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावीत. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर त्या जागी कधीही लावू नये, कारण एकदा पुसट झालेला ठसा परत येत नाही.

क्रमांक हाती आला की इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी गावी असलेल्या हंट हाउसकडे शुल्क भरून त्या चॅसिसच्या मूळ नोंदींची प्रत मागवावी. रोल्स-रॉईस उत्साही मंडळींच्या क्लबचे आणि सर हेन्री रॉईस स्मृती प्रतिष्ठानचे हे ठिकाण असून कंपनीची जुनी चॅसिस कार्डे तिथे जपलेली आहेत. मागणी कुणी नोंदवली, बॉडी कुणी बांधली, इंजिन क्रमांक कोणता होता, चॅसिस चाचणीतून केव्हा बाहेर पडले, स्प्रिंगा किती वजनासाठी बसवल्या, अशा नोंदी त्यांत सापडतात. ही प्रत येईपर्यंत विसार देऊ नये, मग विकणाऱ्याने ‘दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे’ म्हणून कितीही घाई केली तरी. ‘ही अमुक महाराजांची गाडी’ हे वाक्य या बाजारात फार स्वस्त आहे. कार्डावर पहिल्या मालकाचे नाव असते, ते वाचावे.

भारतातले कागद याच वेळी तपासावेत. जुने नोंदणीपुस्तक, हस्तांतरणाच्या नोंदी, वारसांची संमती आणि गाडी बाहेरून आलेली असेल तर आयातीचे बिल ऑफ एंट्री हे सर्व मूळ स्वरूपात पाहावे. जुन्या घराण्यांतल्या गाड्यांवर चार-पाच चुलत भावांचा हक्क निघतो, आणि त्यातल्या एकाचीही सही राहिली तर व्यवहार पुढे कित्येक वर्षे लोंबकळतो.

दुसरी पायरी: बॉडी आणि लाकूड

बाहेरचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, पण बॉडी उभी असते ती आतल्या लाकडी सांगाड्यावर, आणि हे लाकूड ॲशचे. क्रिकेटचे स्टम्प परंपरेने ज्या लाकडाचे करतात तेच हे. ते धक्का सोसते, वाकते, तुटत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्याने आणि वाळवीने मात्र त्याचे पार भुसकट होते आणि वर रंग चकचकीत असला की बाहेरून काहीही कळत नाही.

तपासण्याची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. दार अर्धे उघडून त्याच्या टोकाला बोटांनी हलकेच वर उचलावे. बिजागरीपाशी हालचाल जाणवली, तर तो खांब आतून गेलेला आहे. मग पायाखालचे गालिचे काढून उंबऱ्याच्या लाकडावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत पुढून मागे जावे. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो आणि पोखरलेल्याचा पुठ्ठ्यासारखा. एका गाडीत मी असाच वाजवत मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत गेलो, तोवर सगळे ठीक होते. कमानीपाशी आवाज एकदम बसला. कुशनखालचा पत्र्याचा तुकडा सरकवून पाहिले तर बोटभर जाडीच्या लाकडात नख सहज आत जात होते, आणि त्याच लाकडाच्या शाबूत टोकावर बॉडी-बिल्डरच्या सुताराने पेन्सिलीने लिहिलेला बॉडी क्रमांक अजून वाचता येत होता. कार्डावरचा क्रमांक तोच होता. गाडी कुजलेली होती, पण अस्सल होती, आणि गिऱ्हाइकाने ती त्याच भरवशावर घेतली.

पुढचा प्रसंग सांगितला पाहिजे. ती बॉडी ज्या वर्कशॉपमध्ये कामाला दिली तिथे सुताराने जुने लाकूड सरसकट काढून टाकले आणि मी पोहोचेपर्यंत ते जळणात गेले होते. मापे घ्यायला नमुना उरला नाही आणि तो पेन्सिलीचा क्रमांकही गेला. तेव्हापासून मी कामाच्या आधीच लेखी अट घालतो की काढलेला एकही तुकडा मालकाला दाखवल्याशिवाय टाकायचा नाही. आपल्याकडे ॲशच्या जागी सागवान घालण्याची पद्धत पडली आहे. सागवान उत्तम लाकूड आहे, वाळवीला दाद देत नाही, परंतु ते तेलकट असल्यामुळे सरस नीट धरत नाही आणि ॲशइतके लवचीकही नसते. म्हणून शक्य तिथे फक्त कुजलेला भाग कापून ॲशचाच जोड द्यावा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावे. मूळच्या उंच, बंद बॉडी काढून त्याजागी दिखाऊ उघड्या टूरर बॉडी बसवण्याचा उद्योग जगभर झालेला आहे. अशी गाडी वाईट असेलच असे नाही, पण तिची किंमत मूळ बॉडीच्या गाडीइतकी देऊ नये. कार्डावर ‘लिमोझिन’ असेल आणि समोर टूरर उभी असेल, तर पुढची बोलणी त्या पायावरच करावीत.

तिसरी पायरी: थंड इंजिनाची तपासणी

गाडी पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर थंड इंजिन सुरू होताना काय घडते ते आपल्याला कळू नये अशी कुणाची तरी इच्छा आहे, असे समजून दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी.

सहा सिलिंडरांचे हे इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचे आहे. ब्लॉक बिडाचा, क्रँककेस ॲल्युमिनियमचे, क्रँकशाफ्टला सात बेअरिंगे. या रचनेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे साधे पाणी. नळाचे किंवा विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे घातले की ब्लॉकच्या मागच्या बाजूला, पाचव्या-सहाव्या सिलिंडरभोवती, गंज आणि क्षारांचा गाळ घट्ट बसतो. पुढचे तापमान नीट दाखवत असते आणि मागचे सिलिंडर मात्र भाजत राहतात. शक्य असेल तर मागचा ड्रेन कॉक उघडायला सांगावा. पाणी धारेने आले तर चांगलेच. थेंबथेंब आले किंवा काहीच आले नाही, तर वाकवलेली तार आत घालून पाहावी. लालसर, ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा गाळ तारेला चिकटून येतो. हा गाळ साफ करणे अवघड काम नाही, पण त्याने सिलिंडर हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, भेग पाडलेली असेल तर खर्च मोठा होतो. म्हणून रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस आहे का, हे दोन्ही पाहावे.

दुसरा गाळ तेलाचा. क्रँकशाफ्टच्या पोकळ पिनांमध्ये टोप्या बसवलेल्या असतात आणि फिरताना तेलातला मळ त्यांच्या आत साठत जातो. आजच्यासारखा पूर्ण तेल गाळणारा फिल्टर या गाडीला मुळात नाही. वर्षानुवर्षे साधे तेल वापरलेल्या इंजिनात एकाएकी आधुनिक डिटर्जंट तेल ओतले, तर साठलेला मळ सुटून तेलाच्या वाटा बुजू शकतात. आधी सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे पात्र, उतरवून, टोप्या काढून क्रँकशाफ्ट स्वच्छ करावा आणि मगच तेल बदलावे. बेअरिंगे व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतून केलेली आहेत. ते ओतणारे आणि हाताने घासून बसवणारे मिस्त्री आता मोजकेच उरले आहेत, तेव्हा आपल्या भागात असा माणूस कोण आहे हे गाडी घेण्याआधीच शोधून ठेवावे. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचे कंपन शोषणारे डॅम्परही साफ होऊन मोकळे झाले पाहिजे, कारण ते जाम झाले की त्याचा ताण शाफ्टवर येतो.

पाने हा वरवर किरकोळ वाटणारा विषय आहे. इथले बहुतेक नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. नटांचे कोपरे शाबूत असतील, तर गाडी जाणत्या हातांत राहिलेली आहे असा निष्कर्ष मी निर्धास्तपणे काढतो.

चौथी पायरी: सुरू करून ऐकणे

स्टिअरिंग चाकाच्या मध्यावर लहान लीव्हर असतात. त्यांतून हाताने थ्रॉटल, ठिणगीची वेळ आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण बदलता येते. सुरू करताना ठिणगी उशिराकडे, मिश्रण घट्ट आणि थ्रॉटल किंचित उघडा ठेवावा, गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करावी आणि मग स्टार्टर दाबावा. इंजिन धरले की ठिणगी हळूहळू पुढे आणावी आणि तापमान वाढेल तसे मिश्रण पातळ करत जावे. सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोल मागच्या टाकीतून ओढून आणणारी ऑटोव्हॅक नावाची निर्वात टाकी असते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर ती रिकामी झालेली असते आणि आधी हाताने भरावी लागते. स्टार्टर मारत बॅटरी उतरवण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम आधी करावे.

आता बोलणे बंद करून ऐकावे. चांगले २०/२५ इंजिन मंद गतीवर घड्याळासारखे शांत चालते. झडपा हलवणाऱ्या टॅपेटची बारीक, नियमित टिकटिक असली तरी चालते. खालून येणारा जड ठोका चालत नाही. पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून तेलाचा दाब पाहावा. गरम झाल्यावर तो थोडा उतरतोच, पण काटा तळाशी टेकला तर बेअरिंगे किंवा तेलपंप यांचे काम निघणार. सुरुवातीच्या गाड्यांत ठिणगीसाठी कॉइलच्या जोडीला राखीव मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीविना ठिणगी देणारे यंत्र, असतो. तो चालतो का ते विचारू नये, चालवून दाखवायला सांगावे.

पाचवी पायरी: रस्त्यावर

गिअरचा दांडा चालकाच्या उजव्या हाताला, दाराच्या बाजूला असतो. आपल्याला त्याची सवय नसते, त्यामुळे पहिला तास मोकळ्या मैदानात घालवावा. गिअर चार आहेत. १९३२ पासूनच्या गाड्यांत वरच्या दोन गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खरखर न होता बदलू देणारी रचना, आहे. खालच्या गिअरना, आणि त्याआधीच्या गाड्यांत सर्वच गिअरना, डबल क्लच मारावा लागतो. खालचा गिअर घेताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. हे जमले की दांडा लोण्यातून गेल्यासारखा सरकतो.

ब्रेकची रचना मात्र नीट समजून घ्यावी, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. चारही चाकांना ब्रेक आहेत आणि त्यांना जोर देणारा यांत्रिक सर्व्हो गिअरबॉक्सवरून फिरतो. पेडल दाबले की फिरणाऱ्या चकतीचे घर्षण ब्रेकच्या दांड्यांना ओढते. म्हणजे सर्व्होची मदत गाडी चालत असतानाच मिळते. अगदी रांगत्या वेगात क्षणभर उशीर जाणवतो, आणि चढावर थांबलेली गाडी मागे घसरू लागली की नवखा माणूस गोंधळतो. म्हणून चढावर थांबताना हँडब्रेक आधी ओढावा. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. ताशी ७० ते ८० किलोमीटर हा या गाडीचा समाधानाचा वेग आहे, त्याहून जास्त मागू नये.

तारांच्या चाकांची परीक्षा गाडी परत आल्यावर घ्यावी. प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवावी. कसलेली तार खणखणते, सैल असलेली बद्द आवाज देते. टायर कितीही जाड दिसोत, त्यांवरची तारीख वाचून दहा वर्षांपेक्षा जुने असतील तर ते बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

सहावी पायरी: काय करायचे आणि काय करायचे नाही

गाडी घरी आली की मालकाला सुधारणांचे भरते येते. कुणी डिस्क ब्रेक सुचवतो, कुणी डिझेल इंजिन, कुणी वातानुकूलन. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत आपल्याकडे अनेक राजेशाही गाड्यांत खरोखरच ट्रकची इंजिने बसवली गेली, कारण पेट्रोल महाग होते आणि सुटे भाग मिळत नव्हते. त्या काळच्या मालकांना मी दोष देत नाही. आज मात्र तसे करण्याला कोणतेही कारण उरलेले नाही.

माझा नियम असा की जे मोडले आहे ते दुरुस्त करावे, जे झिजले आहे ते त्याच मापाचे बदलावे आणि जे जुने दिसते पण काम करते त्याला हात लावू नये. मूळ चामडे भेगाळले असेल तर ते साफ करून त्याला हळूहळू तेल-मेण द्यावे, फाडून नवे घालू नये. रंगाचा मूळ थर कुठेतरी, निदान बोनेटखाली, तसाच राखावा. वायरिंगला मात्र हा नियम लागू नाही. कापडी वेष्टनाच्या ठिसूळ तारा हा आगीचा धोका आहे, त्या बदलाव्यातच; वरचे कापडी विणकाम जुन्यासारखे करून मिळते. बॅटरीजवळ मुख्य कट-ऑफ स्विच बसवावा आणि गाडीत अग्निशामक ठेवावा.

मूळ स्वरूप राखण्याच्या या नियमाला कायद्याचाही आधार आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असेल, तर त्या व्याख्येत वाहन बसत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. अर्ज फॉर्म २० वर, विम्याची पॉलिसी आणि जुने नोंदणीपुस्तक किंवा बिल ऑफ एंट्री जोडून परिवहन पोर्टलवरून करावा लागतो. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना क्रमांक राखू शकते, आणि जुना क्रमांक असेल तर तो कधीही सोडू नये. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्याचा बेत असेल, तर तो व्यावसायिक वापर ठरतो. विमा घेताना घसाऱ्यावर आधारलेली किंमत मान्य करू नये, मूल्यांकनाचा अहवाल देऊन ठरलेल्या मूल्याची पॉलिसी मागावी.

सातवी पायरी: वर्षभराची निगा

पेट्रोल साधेच घालावे. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर सहाच्याही खाली असल्यामुळे महागड्या प्रीमियम पेट्रोलचा काही उपयोग नाही. खरी काळजी इथेनॉलची आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषते आणि जुने रबर, कॉर्कच्या गॅस्केट व वार्निश खराब करते. इंधनाच्या नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे बसवावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर आणि ऑटोव्हॅकमधले पेट्रोल काढून टाकावे. पाण्याच्या जागी ॲल्युमिनियमला चालणारे, गंजरोधक घातलेले कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून वापरावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलसाठी आधुनिक जीएल-५ दर्जाचे तेल घेऊ नये, कारण त्यातील रसायने कांस्याचे भाग खातात.

पुढच्या मालिकांतल्या गाड्यांत चॅसिसच्या सांध्यांना तेल पोहोचवणारा, पायाने दाबायचा पंप आहे. तो दर फेरीला दाबावा, पण दाबून निश्चिंत राहू नये. वर्षातून एकदा गाडीखाली जाऊन प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब उमटतो का ते बघावे. कोरडा सांधा दिसला, तर त्याची बारीक नळी बुजलेली आहे. पुढची चाके ज्यांवर वळतात ते किंगपिन झिजण्याचे हेच नेहमीचे कारण असते.

पावसाळ्यात प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये, आत घाम धरतो. सुती कव्हर, खाली विटांवर फळ्या, गॅरेजला आरपार वारा आणि लाकडासाठी जूनच्या आधी वाळवीरोधक फवारणी, एवढे करावे. दर पंधरा दिवसांनी पाऊस नसताना गाडी बाहेर काढून किमान अर्धा तास चालवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन फिरवून बंद करणे हे न फिरवण्याहून वाईट, कारण ज्वलनातून तयार झालेले पाणी सम्पमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तसेच राहते.

परत आल्यावर इंजिन बंद करण्याआधी तेलाचा दाब आणि तापमान वहीत लिहावे, तारीख आणि मैल लिहावेत, खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी त्या पुठ्ठ्यावर थेंब कुठे पडले आहेत ते पाहून त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करावेत आणि पुठ्ठा वहीजवळच ठेवून द्यावा, म्हणजे पुढच्या महिन्यात नवा गोल कोणता ते लगेच कळते.